हसऱ्या अक्षराची मर्यादा

मंडळी, मागच्या उन्हाळ्यात आपल्या मंडळाच्या पिकनिकचे पत्रक पाहून बऱ्याच जणांनी मला फोन करून शाबासकी दिली होती. नारिंगी रंगात, जाडजूड, गोलमटोल, उजवीकडे झुकलेल्या इंग्रजी अक्षरांत मोठ्ठे ‘पिकनिक’, आणि खाली बटाटेवडे, मसालेभात, व्हॉलीबॉल व गाड्या कुठे लावायच्या याची माहिती. मी काही चित्रकार नाही की मुद्रक नाही. इंजिनिअरिंगची डॉक्टरेट घेऊन पोटासाठी प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. पण ‘याला कॉम्प्युटरचे कळते’ एवढ्या भांडवलावर मंडळात पत्रकाचे काम ज्याच्या गळ्यात पडते, तो मी.

त्यानंतर पाच आठवड्यांनी मंडळाच्या अगदी जुन्या सभासदांपैकी एक काका गेले. रात्री कमिटीचा फोन आला. रविवारी शोकसभा, पत्रक उद्या सकाळी जायला हवे. मी झोपाळलेल्या डोळ्यांनी पिकनिकची फाइल उघडली, नारिंगीचे काळे केले, मजकूर बदलला आणि पाठवून दिली. अक्षर तेच राहिले.

दोनेक आठवड्यांनी काकूंना भेटायला गेलो. चहा झाला. काकू म्हणाल्या, “पत्रक वेळेवर पोचलं हो सगळ्यांना. तू धावपळ केलीस. एक सांगू? राग मानू नकोस. त्या अक्षरात यांचं नाव वाचताना मला वाटलं, हे आता उठतील आणि म्हणतील, चला, वडे गार होताहेत!” असे म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले.

राग मानण्याचा प्रश्नच नव्हता. चूक माझी होती. पण चूक नेमकी कसली, हे मला सांगता येईना. नाव बरोबर होते, तारीख बरोबर होती, ऱ्हस्वदीर्घही बरोबर होते. मग अक्षराने असे काय केले? पुस्तकाचे किंवा नाटकाचे परीक्षण लिहितात, तसे एखाद्या अक्षराचे का लिहू नये, असे तेव्हा मनात आले. हा लेख म्हणजे तो प्रयत्न.

त्या अक्षराचे नाव कूपर ब्लॅक. आपण जिथे राहतो त्या शिकागोशी त्याचे नाते आहे, हे मलाही अलीकडेच कळले. ऑस्वल्ड ब्रूस कूपर हा १८७९ साली ओहायोत जन्मलेला माणूस चित्रकला शिकायला शिकागोत आला. तिथे त्याला फ्रेडरिक गाउडी हे गुरू भेटले, जे पुढे अमेरिकेतले नामवंत अक्षररचनाकार झाले. १९०४ साली कूपरने फ्रेड बर्ट्श यांच्याबरोबर भागीदारीत जाहिरातींच्या अक्षरलेखनाचा धंदा सुरू केला. त्याची हाताने काढलेली अक्षरे इतकी गाजली की शिकागोच्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या खिळे ओतणाऱ्या कारखान्याने त्याच्याकडून छपाईचे टाइप करून घेतले. त्यांतलाच कूपर ब्लॅक १९२२ साली बाजारात आला आणि त्याचा तिरका भाऊ, कूपर ब्लॅक इटालिक, त्याच दशकात मागोमाग आला. सनातनी मुद्रकांनी नाके मुरडली. जाहिरातवाल्यांनी मात्र तो डोक्यावर घेतला. हा टाइप दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आहे, ज्यांच्या गिऱ्हाइकांना जवळचे दिसत नाही त्यांच्यासाठी, अशा अर्थाची कोटी खुद्द कूपरच्या नावावर सांगितली जाते. तो इतका खपला की दुसऱ्या एका कंपनीने त्याला तोड म्हणून गुरू गाउडींकडूनच १९२५ साली गाउडी हेवीफेस हा टाइप करून घेतला. शिष्याच्या मागे गुरूला धावावे लागले!

आता अक्षराकडे वळू. कूपर ब्लॅकमध्ये कोपरा म्हणून कुठे सापडत नाही. रोमन अक्षरांच्या पायाशी जी छोटी पावले असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, ती इथे उशीच्या टोकांसारखी गोल आहेत. अक्षर ओळीवर उभे राहत नाही, ते बसते. आणि बसते तेही पोट सुटलेल्या माणसाने गादीवर बसावे तसे. इंग्रजी ‘ओ’ पाहा. बाहेरून तो भरीव गोळा आहे, आतले भोक लहान, आणि ते भोक किंचित डावीकडे मागे रेललेले. जेवण झाल्यावर लोडाला टेकलेल्या यजमानासारखे. अक्षराचा सगळा स्वभाव त्या रेलण्यात आहे. जाड अक्षर दरडावण्यासाठी वापरतात. ‘सावधान, विजेचा धोका’ या पाट्या आठवा. कूपर ब्लॅक तितकाच जाड असून दरडावत नाही. मोठ्या आवाजात बोलतो, पण घरच्यासारखे.

या गोलाईचा एक व्यावहारिक फायदाही आहे. पाया सपाट असलेली अक्षरे ओळीत जरा वरखाली झाली की लगेच डोळ्यांत खुपतात. गोल पायाच्या अक्षरांत ती चूक खपून जाते. एकोणीसशे साठ-सत्तरच्या दशकांत घासून चिकटवायची अक्षरे आणि टी-शर्टावर इस्त्रीने बसवायची अक्षरे आली तेव्हा कूपर ब्लॅकला दुसरा जन्म मिळाला, त्याला हेही एक कारण असावे. बिनसरावाच्या माणसाने लावली तरी ती बरी दिसतात. बीच बॉइज या गायकवृंदाच्या १९६६ सालच्या ‘पेट साउंड्स’ या तबकडीच्या वेष्टनावर हेच अक्षर आहे. १९६८ पासून बीबीसीवर चाललेल्या ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेच्या नामावलीत हेच आहे. १९९५ साली निघालेल्या इझीजेट या स्वस्त विमान कंपनीने हेच अक्षर नारिंगी रंगात उचलले. गाणी, विनोद, स्वस्तातला प्रवास: तिन्ही ठिकाणी अक्षर सांगते एकच, ‘या, बसा, इथे फार औपचारिकपणा नाही.’

आता तिरक्या भावाचे पाहू. माझी खरी चूक तिथे आहे.

माझ्या संगणकावर कूपर ब्लॅक होता, पण त्याचा इटालिक नव्हता. मी तिरप्या ‘आय’चे बटण दाबले आणि वर्डने अक्षरे झुकवून दिली. इटालिक झाले, असे मी समजलो. खरे म्हणजे ते इटालिक नव्हतेच. इटालिकचा जन्म इटलीत झाला. व्हेनिसच्या आल्डुस मानुशियस या प्रकाशकाने १५०१ च्या सुमारास फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराकडून, त्या काळच्या सुशिक्षितांच्या भरभर लिहिण्याच्या वळणावर आधारलेला टाइप करून घेतला. तेव्हा तो शब्दांवर जोर देण्यासाठी नव्हता. अख्खी पुस्तके त्यात छापली जात. म्हणजे इटालिक हे दुसरे हस्ताक्षर आहे. झुकणे हा त्याचा एक गुण, पण मुख्य गुण म्हणजे हाताची गती. कूपरने आपला इटालिक वेगळा काढला तो यासाठीच. त्यातला छोटा ‘ए’ छापील दुमजली नाही, आपण वहीत लिहितो तसा एकमजली आहे. ‘एन’ आणि ‘यू’ येताना-जाताना वळण घेतात. उभा भाऊ गादीवर बसलेला असेल, तर हा उठून पाहुण्यांना पाने वाढायला निघाला आहे. वजन तेच, पण चाल आली आहे. जाड माणसाने नाचावे आणि ते शोभावे, ही फार अवघड गोष्ट आहे. कूपरला ती साधली.

मशीनने झुकवलेल्या अक्षरात ही चाल नसते. इंजिनिअर असल्याने मी कागदावर हिशेबच केला. मशीन काय करते? प्रत्येक बिंदूला त्याच्या उंचीच्या प्रमाणात उजवीकडे सरकवते. पत्त्यांच्या कॅटला बाजूने ढकलल्यावर ती जशी तिरपी होते तसे. समजा १२ अंश झुकवले. एकसारख्या जाडीचे कडे घेतले, तर वर-उजवीकडे आणि खाली-डावीकडे त्याची जाडी सुमारे अकरा टक्के वाढते, आणि उरलेल्या दोन बाजूंना सुमारे दहा टक्के घटते. उभ्या दांड्याची जाडी जेमतेम दोन टक्के कमी होते. म्हणजे अक्षरातल्या नात्यांची मोडतोड होते. कूपरचा ‘ओ’ जिथे मुळात जाड आहे तिथे आणखी फुगतो, जिथे बारीक आहे तिथे आणखी आटतो. आणि ते मागे रेललेले भोक? ते उजवीकडे ढकलले गेल्याने सरळ उभे राहते. यजमान लोडावरून उठून बसला, पण धड उभाही राहिला नाही. मी पत्रकावर जे छापले ते हे असे मधल्यामधले ध्यान होते. आपण सर्वांनी शाबासकी दिलीत ती कूपरच्या मूळ कामाची पुण्याई. बटणाचे श्रेय त्यात काही नाही.

इथे कुणी म्हणेल, हे सगळे इंग्रजीचे झाले, मराठीचे काय? आपल्या देवनागरीला इटालिकची परंपरा नाही. मराठी पुस्तकांत जोर द्यायचा तर ठळक ठसा वापरत किंवा अवतरणचिन्हे घालत. तिरपे देवनागरी खिळे जुळाऱ्याच्या हाताशी सहसा नसत. संगणकाने मात्र आपल्यालाही ते बटण दिले, आणि आपण ते सढळ हाताने दाबतो. आमंत्रणपत्रिकेत ‘आपले नम्र’ तिरके, स्मरणिकेत कविता तिरकी, जाहिरातीत आंब्याचा डबा तिरका! शिरोरेषा आडवी असल्याने ती जागच्या जागी राहते, आणि तिच्याखालचे काने तेवढे कलतात. दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्याने एका बाजूला उडावेत तसे ते दिसते.

याच्याही मागे हिशेब आहे. रोमन लिपीची लेखणी आणि आपला बोरू यांचे काप एकमेकांच्या उलट. त्यामुळे रोमन गोलात जिथे जाडी येते, तिथे आपल्या गोलात बारीक रेघ येते, आणि जिथे त्यांची बारीक तिथे आपली जाड. आता वरचे गणित पुन्हा लावा. उजवीकडे झुकवल्याने वर-उजवीकडची आणि खाली-डावीकडची रेघ जाड होते. रोमनमध्ये तिथे आधीच जाडी असते, म्हणून भेद वाढतो. देवनागरीत तिथे बारीक रेघ असते. ती जाडावते, आणि जाड होती ती आटते. म्हणजे बोरूने जो जाड-बारीक भेद आणला, तो बटण पुसून टाकते. रोमन अक्षर मशीनने झुकवले तर विद्रूप होते. देवनागरी झुकवले तर निर्जीव होते. दोन्हींत मला दुसरे जास्त वाईट वाटते.

मग आपल्याकडे धावते अक्षर कधी नव्हतेच का? होते की! मोडी. हिशेब, पत्रे, दप्तरे मोडीत, ग्रंथ बाळबोधीत. मोडीचा लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढून घेई आणि मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली वळणे घेत जाई. गोलाई आणि गती, इटालिकचे दोन्ही गुण तिच्यात होते. रोमन लिपीने आपले धावते वळण उभ्या वळणाच्या शेजारी, एकाच घरात ठेवून घेतले. आपण छापखान्यात बाळबोधीला बसवले आणि मोडीला बाहेरच ठेवले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती शाळेतूनही गेली. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ही आनंदाची गोष्ट, पण ती संग्रहालयातली जागा आहे, स्वयंपाकघरातली नाही. देवनागरीला खरा तिरका भाऊ हवा असेल, तर तो बटणातून येणार नाही. बाळबोध आणि मोडी ही दोन्ही वळणे हातात असलेल्या कुणाला तरी तो बसून काढावा लागेल.

जाड, गोल, हसरे देवनागरी मात्र आपल्याकडे आहे, आणि उत्तम आहे. कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी अनेक दशके मराठी नाटकांची नावे काढली. वर्तमानपत्रातल्या त्या जाहिराती पाहूनच नाटक हसवणार की रडवणार हे कळायचे. एक शीर्षक एकाच नाटकासाठी काढलेले. ते पुन्हा दुसरीकडे वापरण्याचा प्रश्नच नव्हता. आता मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मोदक’ नावाचा टाइप पाहा. नावाप्रमाणेच सारण ठासून भरलेला! अक्षरातल्या पोकळ्या इतक्या आवळल्या आहेत की त्या जागी फक्त बारीक रेघा उरतात, तरीही ‘क’ हा ‘क’च वाचला जातो. तो कूपरची नक्कल करत नाही. देवनागरीचेच पोट फुगवून दाखवतो. आणि तो झुकलेला नाही, हे त्याचे शहाणपण. मात्र त्यात परिच्छेद लिहू नये. एकवीस मोदक नैवेद्याला ठीक. रोजच्या ताटात भाकरीच लागते.

आता मूळ प्रश्न. काकूंना खटकले ते काय? मला वाटते, उत्तर असे आहे. साधे पुस्तकी अक्षर स्वतः फार बोलत नाही. ते मजकुराला पुढे करते आणि आपण मागे उभे राहते. म्हणून त्यात लग्नही छापता येते आणि मरणही. कूपर ब्लॅकसारख्या अक्षराचा चेहरा आधीच ठरलेला असतो. तुम्ही कोणताही शब्द त्यात घाला, अक्षर आधी हसते आणि मग शब्द वाचला जातो. पिकनिकला तेच हवे असते. शोकसभेत शब्दाला आधी बोलू द्यावे लागते. चांगल्या प्रदर्शनी अक्षराची ताकद आणि मर्यादा एकच आहे: त्याला गप्प बसता येत नाही. हा त्याचा दोष नव्हे. दोष बोलावणाऱ्याचा.

आणि आपल्यासारख्यांसाठी हे जरा जास्तच खरे आहे. इथे आपली निम्मी पत्रके इंग्रजीत असतात, कारण मुलांना वाचता यावीत. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जातो तेव्हा त्याचे अर्धे घर सुटलेलेच असते. मग उरलेला सगळा भार अक्षराच्या चेहऱ्यावर येतो. तो तरी प्रसंगाला साजेसा नको?

त्या दिवशी काकूंनी आतून एक पुठ्ठ्याची फाइल आणून दाखवली. मंडळाचे वृत्त पूर्वी काका हाताने लिहीत आणि ऑफिसात झेरॉक्स काढून पोस्टाने पाठवत. तिरप्या कापाच्या पेनने काढलेली मथळ्याची अक्षरे, सरळ, उभी, शिरोरेषा एका ओळीत. ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याच्याखाली पट्टी धरून एक रेघ. एका अंकात गणपतीची आरती किती वाजता आहे याच्याखाली दोन रेघा होत्या. “कारण लोक नेहमी उशिरा यायचे,” काकू म्हणाल्या. अख्ख्या पानावर एकही अक्षर झुकलेले नव्हते, आणि जोर कुठे आहे ते मला दहा फुटांवरून कळत होते.

यंदाच्या पिकनिकला काकूंनी काकांच्या नावाने व्हॉलीबॉलसाठी एक फिरती ढाल दिली आहे. पत्रक पुन्हा माझ्याकडेच आले. या वेळी मी कूपरचा खरा इटालिक विकत घेतला, आणि मराठी नावासाठी मोदक, सरळ उभा. ढालीबद्दलचा मजकूर मात्र साध्या अक्षरात लावून काकूंना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाल्या, “हे असं गंभीर का रे? पिकनिकच आहे ना? यांचं नावही त्या गोबऱ्या अक्षरात टाक. तिथे ते चालेल.”

टाकले आहे. पत्रक या अंकासोबत जोडले आहे. पिकनिकला वेळेवर यावे. वेळेच्या खाली दोन रेघा मारल्या आहेत.